एकच गाठ, दोन किमती

एकोणिसाव्या शतकातल्या निर्यातीचे आकडे हाती घेणार असाल, तर बेरीज-वजाबाकीच्या आधी एवढंच विचारा: ही किंमत कोणत्या बंदरावरची?

मुंबईचा कापूस घ्या. व्यापाऱ्याने एफओबी भाव दिला, तर माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च त्यात येतो. सीआयएफ दिला, तर लिव्हरपूलपर्यंतचं जहाजभाडं आणि विमाही त्यातच. गाठ तीच, भाव वेगळा. (भाडं गाठीने अडवलेल्या जागेवर ठरायचं, म्हणून तर कुलाब्याच्या प्रेसमध्ये कापूस इतका आवळून बांधायचे.) इन्कोटर्म्स छापल्या गेल्या १९३६ मध्ये. त्याआधीच्या कागदांत या संज्ञा दिसल्या, तर अर्थ त्या त्या करारातूनच काढायचा.

आता सरकारी तक्ते बघा. आयात आणि निर्यात, दोन्हींची किंमत भारतीय बंदरातली. दिसायला अगदी सरळ हिशेब. पण आयातीच्या किमतीत इथवर येण्याचं भाडं आणि विमा आधीच मिसळलेला असतो. निर्यातीच्या किमतीत पुढच्या प्रवासाचं काहीच नसतं.

दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये मुंबईत भारताच्या दारिद्र्यावर निबंध वाचला, त्यात या फरकाचं महत्त्व कळतं. माल परदेशी विकला तर देशाला नफ्यासकट मोबदला यायला हवा, असा त्यांचा मुद्दा. म्हणून १८३५ ते १८७२ च्या निर्यातीवर त्यांनी १५ टक्के नफा धरला आणि मग ती आयातीशी ताडून पाहिली. निर्यात जास्त म्हणजे भरभराट, असं म्हणणाऱ्यांना हे मोठं उत्तर होतं: खरी तूट तक्त्यात दिसते त्याहून मोठी.

मला दिशा पटते, सरसकट १५ टक्के मात्र खटकतात. कापूस जागा खातो, अफू थोड्या जागेत मोठी किंमत नेते. दोघांचं भाडं किमतीच्या एकाच प्रमाणात कसं असेल? शिवाय १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, त्याआधीची जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायची. आणि लिव्हरपूलचा चढा भाव म्हणजे सगळी भारताची कमाई, असंही धरू नका. जहाज इंग्रजाचं असेल तर त्यातलं भाडं त्याच्याच खिशात जातं, मग करार एफओबी असो की सीआयएफ. तेव्हा तक्त्यासोबत त्या वर्षांचे भाडेदर शोधा, वस्तूवार. काम किचकट आहे, पण प्रबंधातलं तुमचं स्वतःचं प्रकरण तिथेच निघेल.