फिक्स्ड गिअर सायकल : वेग आवरण्याची विद्या

लहान मुलांच्या तीनचाकी सायकलीची पायडले थेट पुढच्या चाकाला जोडलेली असतात. चाक फिरले की पायडलेही फिरतात. उतारावर मूल पाय वर उचलून घेते आणि पायडले आपोआप गरगरत राहतात. मोठ्यांच्या सायकलीत असे घडत नाही, याचे कारण मागच्या चाकातील फ्री-व्हील. पाय थांबले तरी चाकाला पुढे फिरू देणारी ही यंत्रणा काढून तिच्या जागी दातेरी चक्र पक्के बसवले, की ती 'फिक्स्ड गिअर' सायकल होते. चाक फिरत असेपर्यंत पायडले फिरणारच. स्वाराला पाय मारल्यावाचून क्षणभरही पुढे जाता येत नाही. म्हणूनच ही सायकल शिकणे म्हणजे मुख्यतः तिचा वेग आवरायला शिकणे होय.

जुनीच रचना

ही रचना नवी नाही. जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये घडवलेली 'रोव्हर' ही आधुनिक सायकलीची जननी मानली जाते. साखळीने मागचे चाक फिरवणाऱ्या त्या काळच्या सायकलींना फ्री-व्हील नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री-व्हीलचा प्रसार झाला आणि जुनी पद्धत रस्त्यावरून मागे पडली. शर्यतींच्या बंदिस्त, उतरत्या कडांच्या धावपट्टीवर, म्हणजे वेलोड्रोममध्ये, मात्र ती टिकून राहिली. जपानमधील कोकुरा येथे १९४८ मध्ये सुरू झालेली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झालेली 'केइरिन' शर्यत याच सायकलींवर होते. याच प्रकारात इसो अल्बेन या भारतीय सायकलपटूने २०१८ च्या जागतिक कनिष्ठ गट स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलातही असा वेलोड्रोम आहे.

धावपट्टीवरील सायकलींना ब्रेक नसतो आणि तो नसणे तेथे सुरक्षिततेचे असते. सारे स्वार एकाच दिशेने, एकमेकांच्या चाकाला चाक लावून धावत असतात. एकाने अचानक ब्रेक दाबला, तर मागचे सारे त्याच्यावर कोसळतील. विसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्क, लंडन अशा शहरांतील सायकलस्वार निरोप्यांनी ही हलकी, कमी दुरुस्तीची सायकल रस्त्यावर आणली आणि पुढे तिची फॅशन झाली. ब्रेकचा प्रश्न उभा राहिला तो तेव्हा.

पहिले धडे

शिकण्यासाठी सपाट, मोकळे मैदान निवडावे आणि सायकलीला पुढचा ब्रेक बसवूनच सुरुवात करावी. बसण्यापूर्वी मागचे चाक किंचित उचलून पायडल हव्या त्या जागी आणावे लागते, कारण पायडल उलटे फिरवले तर चाकही उलटे फिरते. सर्वांत अवघड असते ते जुनी सवय मोडणे. थोडा वेग आला की पाय विसावा शोधतात. त्या क्षणी फिरते पायडल पायाला जोराचा धक्का देते आणि स्वार सीटवरून उचलला जातो. पाय पायडलावर धरून ठेवणारे पट्टे उपयोगी असतात, पण त्यांतून पाय झटकन सोडवण्याचा सराव आधी करावा. वळणावरही पायडले फिरतच राहतात. सायकल फार कलली, तर आतल्या बाजूचे पायडल जमिनीला टेकून चाक उचलले जाण्याचा धोका असतो. पँटची मोहरी आणि बुटाची नाडी साखळीपासून दूर बांधून ठेवावी. ती अडकली, तर साखळी आपणहून थांबत नाही.

वेग कमी करण्याच्या रीती

वेग कमी करण्याची पहिली रीत म्हणजे पायांचा विरोध. मागच्या बाजूने वर येणाऱ्या पायडलावर पायाचा भार हळूहळू द्यायचा. पायडल थांबवायचे नसते, त्याची गती मंदावायची असते. दुसरी रीत म्हणजे चाक घसरवणे. स्वार सीटवरून उठून शरीराचा भार पुढे नेतो, दोन्ही पायडले जमिनीला समांतर रोखून धरतो आणि मागचा टायर फरफटत जातो. हे दिसायला आकर्षक असले तरी त्यात टायर लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर सायकलीचा तोल जाऊ शकतो.

दातांची निवडही महत्त्वाची असते. पुढे ४६ आणि मागे १६ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेरीत सायकल सुमारे ६ मीटर जाते. ताशी २५ किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ७० फेऱ्या होतात. उतारावर वेग ४० वर गेला, तर त्या ११० होतात आणि नवख्याचे पाय त्या गतीला पुरे पडत नाहीत. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करावा. ४८ आणि १६ या जोडीत, नेहमी एकच पाय पुढे ठेवून चाक घसरवणाऱ्याचा टायर एकाच जागी झिजतो. ४७ आणि १७ या जोडीत हीच झीज १७ ठिकाणी वाटली जाते.

पुढचा ब्रेक का हवा?

वेग कमी होताना शरीराचा भार पुढे सरकतो, मागच्या चाकावरील दाब घटतो आणि त्याची रस्त्यावरील पकड सुटते. पाय कितीही बळकट असले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. कोरड्या रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल पुढच्या चांगल्या ब्रेकने सुमारे ५ मीटरमध्ये थांबू शकते. केवळ मागच्या चाकावर भिस्त ठेवली, तर सुमारे १० मीटर लागतात. धोका लक्षात येईपर्यंत कापले जाणारे अंतर यात धरलेले नाही.

या ५ मीटरचे मोल लंडनमधील एका खटल्यात दिसून आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशा सायकलीची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक महिला मृत्युमुखी पडली. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांनुसार फिक्स्ड गिअर सायकलीलाही पुढचा ब्रेक सक्तीचा आहे. तो असता तर अपघात टळला असता, असा अभियोग पक्षाचा दावा होता. २०१७ मध्ये तरुण स्वार सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त झाला. मात्र बेदरकार स्वारीबद्दल १८६१ च्या कायद्याखाली त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली.

यंत्रणेची काळजीही याच कारणासाठी घ्यावी लागते. पायांनी विरोध केला की मागचे चक्र हबवरून उलटे सुटू पाहते. ते रोखण्यासाठी त्यावर उलट्या आट्यांचे लॉकरिंग आवळलेले असते. साध्या फ्री-व्हीलच्या हबवर लॉकरिंगविना चक्र बसवणे धोक्याचे ठरते. साखळी सैल असल्यास ती उतरू शकते आणि मग पायांचा चाकाशी संबंधच तुटतो. अशा वेळी सायकल थांबवायला उरतो तो केवळ पुढचा ब्रेक. म्हणून मैदानात सराव कितीही झाला, तरी रस्त्यावर येताना साखळीचा ताण आणि पुढचा ब्रेक या दोन गोष्टी रोज तपासून पाहाव्यात.