पुरवणीत टाकलेलं साम्राज्य

'कॅथे पॅसिफिक'मधलं 'कॅथे' म्हणजे काय, हा प्रश्न पडलाय कधी? मला पडला (विमानात नव्हे, शनिवारी घरी लोळत असताना). शोधता शोधता पोचलो खितान लोकांपर्यंत. चीनचं हे जुनं नाव चक्क त्यांच्यावरून आलंय.

चीनच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या या घोडेस्वारांनी दहाव्या शतकात ल्याओ साम्राज्य उभारलं. ते ११२५ पर्यंत टिकलं. दक्षिणेला चिनी सुंग घराणं. १००५ च्या तहात ठरलं, की सुंगांनी दरवर्षी १ लाख ताएल चांदी आणि रेशमाचे २ लाख तागे द्यायचे, आणि दोन्ही सम्राटांनी एकमेकांना भाऊ म्हणायचं.

आता खरी गंमत. सुंगांचा मोठा विद्वान औयांग श्यू १०५५ मध्ये वकील म्हणून ल्याओ दरबारी जाऊन आला. सरबराई उत्तम झाली. पण त्याने लिहिलेल्या पाच राजवटींच्या इतिहासात खितान कुठे? अगदी शेवटी, 'चार दिशांचे रानटी' अशा पुरवणीत! ९४७ मध्ये त्यांचा सम्राट वारला तेव्हा पोट फाडून मीठ भरून त्याला उत्तरेला नेलं, लोक त्याला 'शाही सुकं मटण' म्हणत, हेही त्याने आवर्जून लिहिलंय. भाऊ म्हणे!

ल्याओंना हे कळलं आणि झोंबलं. १०९० च्या दशकात ल्यू हुई नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याने सम्राटाला अर्ज केला: यांनी आपल्याला रानट्यांत घातलं, मग आपणही आपल्या इतिहासात सुंगांची सुरुवातीची हकिगत पुरवणीत टाकू. चिडलेल्या माणसाचा कोड रिव्ह्यूच जणू. मला हा माणूस फार आवडला.

पण हा अर्ज आपल्याला कळतो कुठून? 'ल्याओ शी'मधून. तो ग्रंथ लिहवला मंगोलांनी, १३४३-४४ मध्ये, ल्याओ बुडून दोन शतकं उलटल्यावर. मधला काळ 'खरं वारसदार घराणं कुठलं?' या वादात गेला. शेवटी ल्याओ, जिन, सुंग तिघांनाही स्वतंत्र इतिहास द्यायचं ठरलं, आणि ल्याओंचे ११६ खंड वर्षभरात उरकले. डेडलाइनचं काम, चुका भरपूर. पण पुरवणीतून सुटका झाली.

खितानांच्या स्वतःच्या दोन लिप्या होत्या. आज दोन्ही अर्धवटच वाचता येतात, आणि मजकूर मिळतो तो मुख्यतः थडग्यांतल्या दगडांवर. २०१० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहातलं एक हस्तलिखित खितान लिपीतलं असल्याचं ओळखलं गेलं. अख्खं पुस्तक! ते अजून पूर्ण लागलेलं नाही.