सेहेचाळीस आज्ञा

मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात १९५८ साली 'टीएक्स-शून्य' नावाचा संगणक आला, तेव्हा त्याच्या स्मृतीत अठरा बिटांचे अवघे ४०९६ शब्द मावत. आणि जिथे जागेचीच अशी टंचाई, तिथे एखाद्या जुन्या फडणिसाने कागदाचा कोरा समासही हिशेबाला लावावा, तशी काटकसर प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या अंगी बाणली यात नवल नाही. नवल याचे, की ही किफायत गरजेपुरती न राहता रसिकतेचा विषय झाली.

तिथल्या खेळण्यातील आगगाड्यांच्या क्लबातील विद्यार्थी एका क्षुल्लक भासणाऱ्या कामावर रात्री घालवीत: यंत्रातील द्विमान संख्या कमीत कमी आज्ञांत दशमान करून छापणे. स्टीव्हन लेव्ही यांच्या १९८४ च्या ग्रंथात याची हकिकत आहे. आज्ञांची संख्या पन्नासाच्या आसपास येताच हद्द झाली असे साऱ्यांना वाटले. तोच एकाने दहाच्या घातांचा तक्ताच वगळला, अंक उलट्या क्रमाने काढले आणि ते काम ४६ आज्ञांत बसविले. अर्धी मात्रा वाचली तर पुत्रजन्माचा उत्सव मानणाऱ्या आपल्या वैयाकरणांना हा आनंद सांगावा लागला नसता.

पुढे पर्ल भाषेच्या उपासकांनी अक्षरे मोजून या छंदाला गोल्फचे नाव दिले, कारण त्या खेळातही कमीत कमी फटके मारणारा जिंकतो. मग 'गोल्फस्क्रिप्ट'सारख्या, एकेका चिन्हात अख्खी क्रिया सामावणाऱ्या भाषाही निघाल्या. भाषाच आखूड करून साधलेल्या या लाघवापेक्षा, क्रम उलटून वाचविलेल्या त्या मूठभर आज्ञा मला अधिक अस्सल वाटतात.