मानशीचे दार

आषाढातली अमावास्या. वरून मुसळधार पाऊस आणि खाडीला उधाण. अशा वेळी मांडवी-जुवारीकाठची सखल शेते बुडायलाच हवीत. तरी ती शतकानुशतके पिकत आली. कशी? उत्तर मानशीच्या दारात आहे.

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. भरतीच्या पातळीखालची ही भूमी पूर्वजांनी चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचे बांध घालून मिळवली. बांधाबाहेर खारफुटी राखली, म्हणजे लाटांचा मार आधी तिच्यावर. बांधात बसवली मानस, लाकडी झडपांचे दार. भरतीच्या रेट्याने झडपा मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. दार मिटलेले असताना पडणारा पाऊस पोयीत, म्हणजे आतल्या खोलगट तळ्यात साठतो आणि ओहोटीबरोबर निघून जातो. ना इंजिन, ना वीज.

दार आपोआप मिटते. बांध मात्र आपोआप टिकत नाही. कुर्ल्या बिळे पाडतात आणि बिळाचे भगदाड व्हायला वेळ लागत नाही. खारे पाणी शिरले की शेत काही वर्षे वाया जाते. म्हणून बांधाची राखण ही साऱ्या गावाची जबाबदारी होती, ती गावकारी सांभाळी. आफोंसो मेशिया याने १५२६ साली गावकारीचे रिवाज लिहून काढले, तेव्हाही ही संस्था जुनीच होती.

१९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, ते रास्तच. पण गावकारीची पकड सुटली आणि बांध कूळ संघटनांकडे आले. पुढे अनेक ठिकाणी मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावाचा पैसा भातापेक्षा जड झाला. मासळीसाठी दार अवेळी उघडे राहू लागले. कुठे पोय बुजली, कुठे खाजनात भराव पडला. मग पावसाचे पाणी जाणार कुठे? ते आपल्या उंबऱ्यावर येते.

आज पूर म्हटला की आपण भिंत आणि पंप यांचाच विचार करतो. खाजन सांगते, पाण्याला थांबायला जागा द्या आणि बांधावर रोज फिरणारा माणूस ठेवा.

मी कारकून माणूस. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती दिवस लागतात, हे मला चांगले ठाऊक आहे. भरती मात्र दिवसातून दोनदा येते. बांधाचा निर्णय बांधाजवळच व्हायला हवा.