जेवणाचे मेज आणि लाखेचा लेप

घराण्याचा इतिहास आपण बहुधा बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, विवाहाच्या दाखल्यात किंवा पिवळ्या पडलेल्या छायाचित्रांत शोधतो. ज्या लाकडी मेजाभोवती तीन पिढ्या जेवल्या, त्याची दखल मात्र कोणी घेत नाही. मेज डुगडुगू लागले, त्याची झिलई उडाली की ते अंगणात जाते आणि एके दिवशी जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याच्या गाडीवर चढते. वास्तविक अशा मेजाच्या प्रत्येक थरात आपल्या समाजाचा इतिहास साठलेला असतो.

महाराष्ट्रात जेवणाची मूळ रीत पाटाची. जमिनीवर बसावे, पुढे ताट किंवा पत्रावळ मांडावी, ही चाल हिंदू-ख्रिस्ती सर्वांच्या घरी होती. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. त्या दोन शतकांत पाश्चात्य घरसामान किनाऱ्यावर स्थिरावले. गोव्याचे धर्मगुरू व भाषापंडित मॉन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या तोंडी सहज येणारे चावी, बादली, घमेले हे शब्द त्याच वाटेने आले. लाकूडकाम करणारा ‘मेस्त्री’ हाही पोर्तुगीज ‘मेस्त्र’, म्हणजे गुरू. कारागिराला गुरू म्हणणारा शब्द आपण टिकवला, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु या इतिहासाला कटू बाजूही आहे. गोव्याच्या धर्मन्यायासनाने १७३६ साली काढलेल्या जाहीरनाम्यात एतद्देशीय ख्रिस्ती लोकांच्या पोशाखावर आणि स्वयंपाकावरही निर्बंध घातले होते. मिठाविना भात शिजवण्याची रीतसुद्धा त्यातून सुटली नाही. मेजावर जेवणे म्हणजे अधिक ख्रिस्ती होणे, असा समज पुढे कोठे रुजला असेल, तर त्यामागे या दडपणाचाही वाटा असावा. मेजाचा अभिमान बाळगताना हा थर खरवडून टाकता येणार नाही.

देशावर मेज आले ते निराळ्या मार्गाने. कोरेगाव हे पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक. या मार्गावर पूर्वी मीटर गेजच्या गाड्या धावत. इंग्रजी अमदानीत अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्या सामानाचा लिलाव होई आणि सागवानी मेजखुर्च्या स्थानिक कुटुंबांच्या हाती येत. सातारा जिल्हा ज्या पुणे धर्मप्रांतात मोडतो, तो १८८६ साली स्थापन झाला. लोहमार्ग, छावण्या आणि मिशनकार्य यांचा हा काळ जवळजवळ एकच होय.

आता त्या मेजावरील झिलईकडे पाहू. ती बहुधा लाखेची असते. लाख हा एका सूक्ष्म कीटकाचा स्राव. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर तो साठतो. गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात लाखेवर एक संवाद आहे. गोव्याच्या आर्चबिशपांच्या सेवेत असलेल्या लिन्स्कोटेन या डच तरुणानेही आपल्या १५९६ च्या प्रवासवर्णनात लाखेच्या कामाची माहिती दिली. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कापडाच्या बोळ्याने चढवण्याची ‘फ्रेंच पॉलिश’ची पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली.

लाखेचे मोठे उत्पादन छोटा नागपूरच्या अरण्यप्रदेशात होते. रांचीजवळ नामकूम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनाची संस्था निघाली. याच प्रदेशात फादर कॉन्स्टंट लीव्हन्स यांनी १८८५ पासून आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांसाठी कार्य केले आणि फादर हॉफमन यांनी १९०९ साली कॅथलिक सहकारी पतसंस्था उभारली. कोरेगावच्या एखाद्या घरातील मेजावर चकाकणारी लाख अशाच एखाद्या श्रद्धाबंधूने अरण्यात गोळा केली असेल, हे ध्यानात ठेवले तर मेजाचे मोल वाढते.

अशा मेजाला घरच्या घरी नवे तेज देता येते. प्रथम कोपऱ्यावर स्पिरिटचा कापूस फिरवावा. झिलई चिकट होऊन कापूस तपकिरी झाला, तर ती लाखच. मग रंधा मारण्याची गरज नाही. जुना थर स्पिरिटने पुसून काढावा आणि बारीक पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने घासावा. चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवून मलमलीतून गाळावी. कापसाचा बोळा मलमलीत बांधून त्याने पातळ हात द्यावेत, मधूनमधून वाळू द्यावे. पावसाळ्यात हे काम करू नये, कारण दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते. स्पिरिटजवळ विस्तव तर मुळीच नको.

प्रश्न उरतो तो डागांचा. गरम भांड्याचे वलय पुष्कळदा थरातच असते आणि थराबरोबर निघून जाते. सुरीचे ओरखडे, लहान मुलाने कोरलेले अक्षर, दिव्याने काळवंडलेली जागा मात्र लाकडात उतरलेली असते. ती काढायची, तर लाकूडच तासावे लागेल. तसे करू नये, असे आमचे मत आहे. रोममधील संत योहान लॅटरन महामंदिराच्या मुख्य वेदीत एक जुने लाकडी मेज जतन केलेले आहे; संत पेत्राने त्यावर प्रभुभोजनविधी केला, अशी परंपरा आहे. ख्रिस्तसभेने ते मेज जपले ते त्याच्या चकाकीसाठी नव्हे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले. त्या सभेचे मेज कोणते, हे निराळे सांगावयास नको. घराच्या वाटण्या होतात, तरुण मंडळी शहरातील लहान सदनिकांत जातात, तेव्हा जागा नाही म्हणून पहिला बळी त्याचाच जातो. तो देण्यापूर्वी लाखेचा एक हात द्यावा आणि मुलांना जवळ बसवून, कोणता ओरखडा कोणाचा, हे सांगावे.