घटनेत नसलेले दोन शब्द

अमेरिकेची मूळ राज्यघटना वाचायला तासभरही लागत नाही. इंग्रजीत ती जेमतेम साडेचार हजार शब्दांची आहे, सात कलमांची. आपली घटना १९५० साली अमलात आली तेव्हा तिच्यात ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं होती. तिच्यापुढे ही म्हणजे एखादं लांबलचक पत्रच.

मी कविता लिहिणारा माणूस. कुणी मजकूर हातात दिला की त्यात काय लिहिलंय याच्याइतकंच काय गाळलंय याकडे माझं लक्ष जातं. खोडच म्हणा ती. अमेरिकेच्या या मूळ घटनेत दोन शब्द नाहीत. एक ‘देव’ आणि दुसरा ‘गुलाम’. शेवटी तारीख घालताना प्रभूचं साल म्हणायची जुनी रीत तेवढी पाळलेली आहे, पण मजकुरात देव कुठे नाही. आणि गुलाम हा शब्द तर ठरवून टाळलेला आहे. टाळला कसा आणि कशासाठी, हे समजून घेतलं की त्या राज्यपद्धतीचा सांगाडा बराचसा उलगडतो.

१७७६ साली तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. लढाई संपून तह व्हायला १७८३ उजाडलं. मधल्या काळात, १७८१ मध्ये, त्यांनी आपसात एक करार केला होता. त्या कराराखाली अध्यक्ष नव्हता, केंद्राची न्यायालयं नव्हती आणि केंद्राला कर बसवायचा अधिकारही नव्हता. राज्यांनी पैसे दिले तर दिले. करारात बदल करायचा तर तेराही राज्यं राजी हवीत. राजाचा जाच सोसलेल्या लोकांनी नवा राजा होऊ नये म्हणून केंद्र इतकं दुबळं ठेवलं, की त्याला आपल्या सैनिकांचे पगारही धड देता येईनात. १७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले कर्जानं आणि करानं गांजलेले शेतकरी उठले आणि त्यांनी न्यायालयांचं काम बंद पाडलं. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज. स्वातंत्र्ययुद्धात लढलेला माणूस. कर्जाच्या फासातला शेतकरी आपल्याला नवा नाही, पण तिथल्या पैसेवाल्या मंडळींची या प्रकारानं झोप उडाली.

मग १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात परिषद भरली. जुन्या करारात दुरुस्त्या करा, एवढंच काम तिला दिलेलं होतं. तिनं १७ सप्टेंबरपर्यंत नवी घटनाच लिहून काढली. ऱ्होड आयलंडनं कुणालाच पाठवलं नाही. बाकी बारा राज्यांतून ५५ जण आले, सही ३९ जणांनी केली. अध्यक्षस्थानी जॉर्ज वॉशिंग्टन. कामकाज गुप्त होतं. आत कोण काय बोललं हे आपल्याला मुख्यतः जेम्स मॅडिसनच्या टिपणांवरून कळतं, आणि तीही त्याच्या मृत्यूनंतर, १८४० मध्ये छापली गेली.

पहिलं भांडण मोठ्या आणि छोट्या राज्यांचं. मोठी म्हणत, लोकसंख्येप्रमाणे जागा द्या. छोटी म्हणत, प्रत्येक राज्याला सारखं मत द्या. १६ जुलैला तोड निघाली, तीही एका राज्याच्या मतानं. प्रतिनिधीगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सभासद. ती आजही तशीच आहे. चार कोटींच्या जवळपास वस्तीचं कॅलिफोर्निया आणि सहा लाखांच्या आतलं वायोमिंग, दोघांचे दोन-दोनच.

पण लोकसंख्येप्रमाणे म्हटलं, की पुढचा प्रश्न येतोच. लोक म्हणून मोजायचं कुणाला? दक्षिणेतल्या राज्यांचं म्हणणं, आमचे गुलामही मोजा. मत त्यांना द्यायचं नाही, माणूस म्हणून वागवायचं नाही, पण मोजायचं मात्र. मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरीनं विचारलं, की गुलाम तुमची मालमत्ता असतील, तर मग उत्तरेतली गुरं-घोडी का मोजू नयेत? प्रश्न बिनतोड होता, पण बाजारात बिनतोड प्रश्नानं सौदा होत नाही. शेवटी ठरलं, की पाच गुलाम म्हणजे तीन माणसं.

हे लिहायचं कसं? माणूस माणसाची मालमत्ता असू शकतो ही कल्पना घटनेत यावी हे मॅडिसनला गैर वाटत होतं, आणि तसं तो परिषदेत बोललाही. तो स्वतः गुलामांचा मालक होता, वॉशिंग्टनही होता. म्हणून मग शब्दांची कसरत झाली. शिरगणतीच्या कलमात गुलाम झाले ‘इतर व्यक्ती’. आफ्रिकेतून माणसं आणायला १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही असं कलम आहे, तिथे ते झाले राज्यांना ‘आत घ्याव्याशा वाटतील अशा व्यक्ती’. पळून गेला तर परत करा असं कलम आहे, तिथे ते झाले ‘कामाला बांधलेली व्यक्ती’. शब्द स्वच्छ राहिला आणि व्यवहार चालू राहिला. १७९० च्या पहिल्या शिरगणतीत सुमारे ३९ लाख लोक मोजले गेले, त्यांतले जवळजवळ ७ लाख हे असे ‘इतर’ होते.

बाकीचा सांगाडा आपण शाळेत शिकतो तो, सत्तेच्या विभागणीचा. काँग्रेसनं केलेला कायदा अध्यक्षानं परत पाठवला, तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर करता येतो. न्यायाधीश अध्यक्ष नेमतो, पण सिनेटच्या संमतीनं, आणि एकदा बसला की तो बहुधा आयुष्यभर. कुणावरच पुरता विश्वास टाकायचा नाही, हे त्यामागचं सूत्र. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांना ही पद्धत चांगली ठाऊक होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी आपल्या घटना समितीत बोलताना त्यांनी सांगितलं, की अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक आहे, आपण मात्र जबाबदारीला अधिक महत्त्व दिलं आहे. आपला पंतप्रधान रोज संसदेला उत्तर देतो, तिथला अध्यक्ष ठरावीक मुदतीसाठी येतो.

अध्यक्षाची निवडही थेट नाही. प्रत्येक राज्याला दोन्ही सभागृहांत मिळून जितक्या जागा, तितके निर्वाचक. म्हणजे तीन पंचमांशाचा हिशेब इथेही शिरला. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं अध्यक्ष व्हर्जिनियाचा होता, आणि सर्वांत जास्त गुलाम व्हर्जिनियातच होते. तो हिशेब गेला, निर्वाचक राहिले. २००० आणि २०१६ साली देशभरात कमी मतं पडलेला उमेदवार अध्यक्ष झाला तो त्यांच्यामुळेच.

आता तो पहिला शब्द. सहाव्या कलमाच्या शेवटी एक वाक्य आहे, की केंद्राच्या कोणत्याही पदासाठी धर्माची अट घातली जाणार नाही. त्या काळी बहुतेक राज्यांत अशी अट होती. नॉर्थ कॅरोलायनात प्रॉटेस्टंट धर्माचं सत्य नाकारणाऱ्याला पद मिळत नसे. ही सूचना परिषदेत मांडली साउथ कॅरोलायनाच्या चार्ल्स पिंकनीनं. त्याच परिषदेत गुलामगिरीची तरफदारी करणाराही हाच. धर्म विचारू नका म्हणणारा आणि माणसं विकत घेणारा, एकाच अंगरख्यात.

१७८८ च्या जुलैमध्ये ही घटना मंजुरीसाठी नॉर्थ कॅरोलायनात हिल्सबरोला आली, तेव्हा या वाक्यावर वाद पेटला. धर्माची अट काढलीत तर उद्या मुसलमानही पदावर येतील, अशी भीती लोक बोलून दाखवतात, असं एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, चारपाचशे वर्षांनी का होईना, अध्यक्षाच्या खुर्चीत कॅथलिक किंवा मुसलमान बसलेला असेल. जेम्स आयर्डेल हा वकील अट नसण्याच्या बाजूनं उभा राहिला. एकाला वगळायचं तर धर्मस्वातंत्र्याचं तत्त्वच मोडावं लागतं, असा त्याचा मुद्दा होता. पुढे तो सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, हे मुख्य कारण देत त्या सभेनं १८४ विरुद्ध ८४ मतांनी मंजुरी रोखली. १७८९ मध्ये ती दिली.

हा वाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं, आणि मग आलं नाही. सभागृहात ज्याच्यावर चर्चा चालली होती तो मुसलमान कल्पनेतला होता. खरे मुसलमान बाहेर शेतात राबत होते. पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्यांत कुरआन पढलेली माणसं होती, पण आयर्डेलच्या बाजूनंही त्यांना कुणी त्या चर्चेत धरलं नाही.

त्यांतल्या एकाची हकिगत आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यानं ती लिहून ठेवली. उमर इब्न सईद. आजच्या सेनेगलमध्ये १७७० च्या सुमाराला जन्मलेला, पंचवीस वर्षं विद्या शिकलेला. लढाईत पकडला गेला आणि १८०७ मध्ये जहाजातून चार्ल्सटनला उतरवला गेला. घटनेतल्या त्या १८०८ च्या मुदतीत तो असा बसला. १ जानेवारी १८०८ पासून कायद्यानं आयात बंद झाली. पहिला मालक क्रूर होता, म्हणून उमर पळाला. नॉर्थ कॅरोलायनात फेएटव्हिलला पकडला गेला. तिथल्या तुरुंगाच्या भिंतींवर त्यानं अरबीत लिहिलं असं सांगतात. पुढे जेम्स ओवेन या जमीनदारानं त्याला विकत घेतलं. त्याचा भाऊ नंतर राज्याचा गव्हर्नर झाला. पुढे उमरचा बाप्तिस्मा झाला. मनानं तो कोणत्या धर्माचा राहिला यावर अभ्यासक अजून वाद घालतात. स्वातंत्र्य त्याला मिळालं नाही. यादवी युद्ध चालू असतानाच तो वारला. त्यानंतर, १८६५ साली, तेरावी दुरुस्ती झाली. ‘गुलामगिरी’ हा शब्द अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदा आला तो इथे, ती रद्द करणाऱ्या वाक्यात.

उमरचं अरबी आत्मवृत्त वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१७ मध्ये मिळवलं. थॉमस जेफरसननं १७६५ मध्ये विकत घेतलेला इंग्रजी कुरआनही याच ग्रंथालयात आहे. काँग्रेसवर निवडून आलेले पहिले मुसलमान, मिनेसोटाचे कीथ एलिसन यांनी २००७ च्या जानेवारीत शपथेच्या समारंभात त्यावरच हात ठेवला होता.

ते आत्मवृत्त १८३१ चं. उमरनं सुरुवात स्वतःपासून केलेली नाही. आधी सूरह मुल्क लिहिली आहे. आमच्याकडे रात्री निजायच्या आधी ही सूरह पढतात. मुल्क म्हणजे राज्य, सत्ता. मराठीतला ‘मुलूख’ याच शब्दातून आला, आणि ‘मालक’ही त्याच धातूचा. खरी सत्ता कुणाच्या हाती आहे, हेच तिच्या पहिल्या आयतीत आहे. हे तो ओवेनच्या मालकीत राहून लिहीत होता. आदल्याच वर्षी, १८३० मध्ये, शिरगणती झालेली होती, आणि घटनेच्या नियमाप्रमाणे उमरचे तीन पंचमांश नॉर्थ कॅरोलायनाच्या जागांच्या हिशेबात धरलेले होते.