एक्कावन्नावें छायाचित्र

आम्हां खानदेशांतील लोकांस तंतूचें नवल नाहीं. शिरपुराकडे कपाशी पिकते, आणि पेळूंतून सूत ओढतांना विस्कळीत तंतू एका दिशेस कसे लागतात हें मागल्या पिढीनें चरख्यावर पाहिलेलें आहे. आनुवंशिक गुणांचा ठेवा ज्या डीएनए नामक द्रव्यांत असतो, त्याची घडण उकलण्याचा मार्गही अशाच ओढून काढलेल्या तंतूंतून गेला.

रोंटगेन यांनीं क्ष-किरण 1895 सालीं शोधिले. 1912 सालीं लाउए यांच्या सूचनेवरून ते स्फटिकांतून सोडले, तेव्हां पलीकडील कांचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. तिजवरून अणूंच्या रांगांमधील अंतर गणितानें काढतां येतें हें ब्रॅग पितापुत्रांनीं दाखविलें. दवाखान्यांतील हाडाच्या चित्रासारखें हें चित्र नव्हे. येथें वस्तु दिसत नाहीं, तिचीं मापें मिळतात.

लीड्स येथें लोकरीचे तंतू तपासणारे ॲस्टबरी व त्यांची विद्यार्थिनी फ्लॉरेन्स बेल यांनीं 1938 सालीं डीएनएचीं चित्रें प्रसिद्ध केलीं. पण तीं धूसर होतीं. ह्या धूसरपणाचें मूळ रोझलिंड फ्रँकलिन यांस लंडनच्या किंग्ज कॉलेजांत सांपडलें. भोंवतालच्या हवेंत ओलावा वाढला कीं डीएनएचा तंतु लांबतो व त्याचें रूप पालटतें. जुन्या चित्रांत कोरडें व ओलें अशीं दोन्ही रूपें मिसळलीं होतीं. फ्रँकलिनबाईंनीं तीं वेगळीं केलीं. मे 1952 मध्यें त्यांच्या देखरेखीखालीं रेमंड गॉसलिंग ह्या विद्यार्थ्यानें ओल्या रूपाचें एक्कावन्नावें चित्र घेतलें. त्या एका चित्रासाठीं साठ तासांहून अधिक वेळ किरण सोडावे लागले!

चित्रांत ठिपक्यांची फुली आहे. मळसूत्राचे आटे बाजूनें पाहिले असतां तिरप्या रेषा दोन दिशांस जातात. प्रत्येक दिशेमुळें किरण निराळ्या बाजूस विखुरतात व फुली पडते. ठिपक्यांच्या थरांवरून एका वेढ्याची उंची 34 अँगस्ट्रॉम निघाली, आणि वरखालच्या ठळक पट्ट्यांवरून एका पायरीची 3.4, म्हणजे वेढ्यास दहा पायऱ्या. अँगस्ट्रॉम हा मिलिमीटरचा एककोटीवा भाग होय.

जानेवारी 1953 मध्यें मॉरिस विल्किन्स यांनीं हें चित्र केंब्रिजच्या जेम्स वॉटसन यांस दाखविलें. फ्रँकलिनबाईंस ह्याची वार्ताही नव्हती. त्यांच्या मापांचा एक अहवालहि फ्रान्सिस क्रिक यांच्या हातीं पोंचला, आणि दोन धागे परस्परविरुद्ध दिशांनीं जातात हें त्यांनीं त्यावरून ताडिलें. चित्र लांबविलें म्हणून शोध लागला असें जें बोललें जातें, तें मला पटत नाहीं. चार घटकांपैकीं कोणता कोणाशीं जुळतो हें त्या फुलींत कोठेंच नव्हतें. तें वॉटसन यांनीं पुठ्ठ्याचे तुकडे मांडून मांडून काढलें. पण जिनें मापें घेतलीं तिला न विचारतां तीं वापरणें, ह्यास केवळ शिष्टाचाराची उणीव म्हणणें हेंहि मला तोकडें वाटतें.

25 एप्रिल 1953 च्या ‘नेचर’ पत्रांत तीन निबंध लागोपाठ छापले गेले. फ्रँकलिन व गॉसलिंग यांचा तिसरा. वाचणारास वाटावें कीं, आधींच्या कल्पनेस पुरावा म्हणून तो मागून जोडला आहे. वस्तुतः पुरावा आधींचा होता. बाई 1958 सालीं कर्करोगानें वारल्या, वय अवघें 37. नोबेल पारितोषिक 1962 सालीं क्रिक, वॉटसन व विल्किन्स यांस मिळालें. मध्यंतरीं बर्कबेक कॉलेजांत बाईंनीं हीच विद्या तंबाखूच्या पानांस जडणाऱ्या विषाणूवर चालविली होती. त्या कामांतील त्यांचे सहकारी ॲरन क्लुग यांस 1982 सालीं रसायनशास्त्राचें नोबेल मिळालें.